मावशींची ट्रॉली

मावशींना गाडी लागायची. तशी ती बऱ्याच जणांना लागते. खिडकीशी बसलं, लिंबू हुंगलं की त्यांचं भागतं. मावशींचं प्रकरण वेगळं होतं. बस स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली की त्यांच्या कानशिलांवर घाम यायचा, पहिल्या वळणाला तोंडाला पाणी सुटायचं आणि दुसऱ्या वळणाला कंडक्टर स्वतःच घंटी मारून बस थांबवायचा. गोळ्या झाल्या, आलं चघळून झालं, पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधून झाली. एका डॉक्टरनं सांगितलं, लांब क्षितिजाकडे बघत राहा. मावशींनी बघितलं. क्षितिजसुद्धा हलत होतं.

आणि गंमत अशी, की या बाई बसच्याच सीटा शिवायच्या. बसबांधणीच्या कारखान्यात मागच्या कोपऱ्यात त्यांची दोन दणकट शिलाई मशिनं होती, शेजारी रेक्झिनचे गठ्ठे आणि फोमचे तुकडे. नुसती चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांची चौकट, म्हणून आलेली गाडी पुढच्या शेडमध्ये सांगाडा चढवून, पत्रा ठोकून तयार व्हायची आणि शेवटी मावशींच्या हाताखाली यायची. उभ्या बसमध्ये त्या दिवसभर बसत, डबासुद्धा तिथेच खात. बसचं आणि त्यांचं भांडण फक्त ती हलली की सुरू व्हायचं. कारखान्यात त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले सुपरवायझरही मावशीच म्हणत. त्या कोणाच्या मावशी होत्या हे आता कोणाला आठवत नव्हतं.

मावशींचं जग म्हणजे सायकल जाईल तिथवर. पण ते काही फार लहान नव्हतं. एकदा चुलतबहिणीच्या लग्नाला सगळे नातेवाईक बसनं गेले आणि मावशी पहाटे सायकल मारत निघाल्या. बसवाले पोचले तेव्हा या हातपाय धुऊन मांडवात खुर्च्या मांडत होत्या. सायकलवर त्यांना कधी काही झालं नाही. "चाक मी फिरवतेय ना," त्या म्हणायच्या, "मग पोटाला आधी कळतं कुठे वळायचंय ते."

एकुलती एक लेक मात्र सायकलच्या पल्ल्याबाहेर गेली. कृत्रिम दात बनवायचं शिक्षण घेतलं आणि साडेचारशे किलोमीटरवरच्या शहरात तिला नोकरी लागली. तिला पोचवायला मावशी हट्टानं बसमध्ये चढल्या. पुढच्याच गावाला उतरल्या, रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या आणि उन्हं कलल्यावर चालत घरी आल्या. त्याला चार वर्षं झाली होती. लेक वर्षातून एकदा यायची. काका, म्हणजे मावशींचे यजमान, दोन-तीनदा जाऊन आले होते. ते वसतिगृहात आचारी होते, दोनशे पोरांचा स्वयंपाक करायचे. निवृत्त झाल्यावर घरात दोघांसाठी भात लावायची वेळ आली, तेव्हा त्यांचा अंदाज पार कोलमडला. तीन दिवस शिळा भातच चालला.

मागच्या हिवाळ्यात लेकीला कावीळ झाली. काका धावत गेले, महिनाभर तिच्याजवळ राहिले. परत आले त्या संध्याकाळी मावशींनी खोदून खोदून विचारलं. खोली कशी आहे? खिडकी कुठल्या बाजूला? शेजारी कोण? ती काय म्हणाली?

"काही नाही म्हणाली," काका बूट काढत म्हणाले. "मी म्हटलं, आईची फार इच्छा होती यायची. तर म्हणाली, राहू दे बाबा, आई काही इथे यायची नाही कधी, मला माहितीये. रागानं नाही हं. अगदी सहज म्हणाली."

मावशींनी त्यांचे बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. लेक रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. रागाची समजूत काढता येते. हे तर तिनं मान्य करून टाकलं होतं.

आठवड्याभरानं फोनवर बोलताना त्या लेकीला म्हणाल्या, "पाऊस संपला की मी तुझ्याकडे येतेय."

"कशी?"

"सायकलनं."

मग लेक म्हणाली, "आई, बाबांना फोन दे."

काकांचं मत ठरलेलं होतं. "वेड लागलंय तिला," ते फोनमध्ये म्हणाले आणि फोन ठेवल्यावर मावशींनाही तेच ऐकवलं. वर आणखी एक वाक्य बोलले, जे तीस वर्षं या ना त्या रूपात बोलत आले होते: "अगं, मन घट्ट केलं ना, तर बसमध्ये काही होत नाही. निम्मं तुझ्या मनातच आहे."

मावशींनी पूर्वी या वाक्यावर भांडणं केली होती, रडूनही झालं होतं. या वेळी त्या म्हणाल्या, "मला माळ्यावरची पक्कड काढून द्या."

हिशेब सरळ होता. वाटेत लॉजमध्ये राहायची ऐपत नव्हती आणि हौसही नव्हती. म्हणजे तंबू हवा, अंथरूण-पांघरूण हवं, स्टोव्ह, दोन भांडी, पाणी, कपडे, पंक्चरचं सामान. एवढं सगळं कॅरिअरवर लादलं तर सायकल जनावरासारखी अंग टाकते. पाठीवर घ्यावं तर पाठ बावन्न वर्षांची. तेव्हा सामान मागून ओढत न्यायचं. सायकलला मागे ट्रॉली जोडायची. विकतची ट्रॉली त्यांनी एका दुकानात पाहिली, तिची शिवण उलटून पाहिली आणि "टाके लांब टाकलेत" एवढंच म्हणून बाहेर आल्या.

भंगारवाल्याकडे लहान मुलांच्या दोन मोडक्या सायकली मिळाल्या. त्यांची चाकं चांगली होती. कारखान्यातल्या जुन्या बसच्या खिडक्यांचे अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप सुपरवायझरांनी "न्या, न्या" म्हणून देऊन टाकले. वेल्डरला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. तो दुसऱ्या दिवशी मावशींच्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला.

"मावशी, जोडून देऊ का? दहा मिनिटांचं काम आहे."

"जोडशील रे. पण वाटेत मोडलं तर तू असणारेस का तिथे?"

"नाही."

"मग मला बोल्टनं जोडू दे. बोल्ट मला रस्त्यात बसूनही बदलता येतो. तू फक्त भोकं पाडून दे."

पैलवानानं भोकं पाडून दिली. पहिल्या वेळी मावशींनी चाकं बैलगाडीसारखी बाहेरच्या अंगाला लावली, एकाच बाजूनं धरलेली. दोन पाण्याचे कॅन ठेवताच दोन्ही चाकं वरून आत झुकली, गुडघे जुळलेल्या पोरासारखी. मावशींनी आपली सायकल उलटी करून तिच्या चाकाकडे बघितलं. चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं होतं. झालं, सगळे बोल्ट सोडले आणि दोन्ही चाकांच्या बाहेरून आणखी एकेक पाइप घेतला. आता चाक दोन पाइपांच्या मध्ये बसलं, पाळण्यात बसावं तसं.

तळाला फळी टाकली नाही. फळीचं वजन उगीच कोण ओढणार? सीटबेल्टचे पट्टे उभे-आडवे विणून त्यांनी खाटेसारखा तळ केला आणि कडा मशिनवर तिहेरी शिवल्या. वरचं झाकण रेक्झिनचं, कडेनं चेन, चेनवर पावसासाठी पट्टी. रंग पिवळा, कारण पिवळ्याचाच गठ्ठा उरला होता. काका अंगणात खुर्ची टाकून बघत बसायचे. त्यांच्या टोमण्यांना आता धार राहिली नव्हती, तरी सवय होती. "स्वयंपाकघरसुद्धा जोडून घे मागे," असं एकदा म्हणाले. "तुम्ही येणार असाल तर जोडते," मावशी म्हणाल्या. काका वर्तमानपत्र वाचू लागले.

खरी अडचण होती ती ट्रॉली सायकलला जोडायची कशी, ही. मावशींनी आधी ती सीटखालच्या दांडीला जोडली, कारण तिथे हात पोचत होता. पहिल्याच वळणावर ट्रॉलीनं सायकलला उंचावरून ओढलं आणि दोघी मिळून कुंपणावर गेल्या. कोपर सोललं. संध्याकाळी त्या कोपराला पट्टी बांधून पुन्हा बोल्ट सोडत बसल्या होत्या. दुसऱ्या वेळी जोड खाली आणला, मागच्या चाकाच्या नटाशी, डाव्या बाजूला. मध्ये जाड रबरी पाइपचा वीतभर तुकडा, म्हणजे ट्रॉलीला हवं तसं वळता येईल. आणि रबर तुटलंच, तर ट्रॉली रस्त्यात सुटून जाऊ नये म्हणून बाजूनं पट्ट्याचा एक सैल फास.

आता वजन टाकून बघायला हवं होतं. वाळूची पोती आणायची तर कोण आणणार?

"अहो," मावशी म्हणाल्या, "बसता का जरा?"

"मी? यात?"

"तुमच्यापेक्षा जास्त वजन मी नेणार नाहीये. तुम्ही टिकलात तर सामान टिकेल."

काकांनी आजूबाजूला बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. ते कुरकुरत ट्रॉलीत बसले, तेही पाठमोरे, कारण पाय मागेच मावत होते. मागे वजन जास्त झालं तर सायकलचं मागचं चाक उचललं जातं, हे मावशींना दोन घरं ओलांडेपर्यंतच कळलं. त्यांनी उतरून काकांना हातानं पुढे सरकवलं, पोतं सरकवावं तसं. मग गाडी सुरळीत चालली. पाण्याच्या टाकीपासून खाली जाणारा उतार त्यांनी मुद्दाम निवडला होता. त्यात चार वळणं होती. मावशींनी ब्रेक कसे धरतायत, ट्रॉली डुलते का, मागून ढकलते किती, हे सगळं नीट बघत उतार पार केला. वर आल्या, पुन्हा उतरल्या. तिसऱ्यांदा खाली येताना मागून आवाज आला.

"थांब."

"आत्ता उतार आहे. खाली थांबते."

"थांब गं! थांब म्हणतो ना!"

सायकल थांबते न थांबते तोच काका ट्रॉलीतून बाहेर पडले, दोन पावलं गेले आणि गटाराच्या कठड्याला धरून वाकले. सकाळचा चहा, सकाळची बिस्किटं, सगळं आलं. मावशींनी सायकल स्टँडवर लावली, बाटली आणली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कानशिलांवर घाम होता.

बऱ्याच वेळानं ते कठड्यावर टेकले.

"सगळं उलटं पळत होतं," ते म्हणाले. "रस्ता लांब लांब जात होता आणि पोट... तुला असं होतं?"

"याच्या बरंच पुढे जातं ते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

काकांनी तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. "आणि मी म्हणायचो मनात आहे."

"म्हणायचात खरं."

"तीस वर्षं म्हणायचो."

मावशी हसल्या नाहीत, आणि त्यांना हसू आलंही नाही. त्यांना एकदम फार मोकळं वाटलं, घट्ट शिवलेल्या कपड्याची शिवण उसवल्यावर वाटतं तसं. त्या त्यांच्या शेजारी कठड्यावर बसल्या. थोड्या वेळानं काका म्हणाले, "घरी मी चालत येतो," आणि आले.

त्या दिवसापासून काका खुर्ची सोडून खाली जमिनीवर बसू लागले. बोल्टना ग्रीस लावायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. स्टोव्ह कोणता, भांडी किती, कोणतं भांडं कोणात बसेल, हे सगळं त्यांनीच ठरवलं. आणि एका संध्याकाळी, जणू फार मोठा विचार करून, जाहीर केलं: "मला सायकल जमायची नाही, गुडघे ऐकत नाहीत. पण मी बसनं पुढे पुढे जातो. तू रोज जिथे पोचणार, त्या गावी आधी उतरतो, स्टोव्ह-भांडी माझ्याकडेच ठेवतो, जागा बघतो, भात लावून ठेवतो. तू ये."

"दोघांपुरता लावा," मावशी म्हणाल्या.

पाऊस संपला आणि त्या निघाल्या. लेकीला दिवस सांगितला नाही. कारखान्याच्या फाटकाशी सुपरवायझर आणि पैलवान उभे होते. पैलवानानं ट्रॉलीच्या खाली वाकून प्रत्येक बोल्ट हातानं चाचपला आणि अंगठा वर केला.

पहिले दिवस मावशींना स्वतःचंच नवल वाटत होतं. शहर मागे पडलं, ओळखीची गावं मागे पडली, ज्या गावी त्या बसमधून उतरून बसल्या होत्या तेही गेलं. तिथे थांबून त्या पाणी प्यायल्या आणि पुढे निघाल्या. त्यापुढचा रस्ता त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ट्रॉली मागून बारीक किरकिर करत यायची. चढाला जड व्हायची, मग त्या सरळ उतरून सायकल ढकलायच्या, घाई कसली? रस्त्यावर भेटेल तो विचारायचा, "काय विकता?" शेतातल्या बायका विचारायच्या, ट्रकवाले विचारायचे, एका गावात तर दोन बायका झाकण उघडून बघूनच राहिल्या. चादरी आणि सतरंजी बघून त्यांची निराशा झाली. एकानं ट्रॉलीच विकत मागितली. "परत येताना विचारा," मावशी म्हणाल्या, "तेव्हाही नाहीच म्हणेन."

संध्याकाळी काका कुठल्या तरी शाळेच्या ओसरीवर, पेट्रोलपंपामागे, तळ्याकाठच्या झाडाखाली जागा धरून बसलेले असत. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी सांगून टाकलेलं असे. मावशी पोचल्या की दहा-बारा माणसं उभी दिसायची. भात मात्र अजूनही चार जणांचा व्हायचा. उरलेला ते बघ्यांना वाढायचे, त्यामुळे जागा मिळायला कधी अडचण आली नाही.

घाट आला त्या दिवशी गोष्ट बिघडली. चढ त्यांनी दुपारपर्यंत ढकलत पार केला. उतार होता तो खडीचा, रस्त्याचं काम चाललेलं. एका खड्ड्यात ट्रॉली आपटली, फाटल्यासारखा आवाज झाला आणि सायकल एकदम हलकी झाली. मावशींनी दोन्ही ब्रेक दाबले. मागे बघितलं तर रबराचा तुकडा आडवा चिरला होता आणि ट्रॉली त्या सैल फासाला लोंबकळत रस्त्यावर आडवी झाली होती. पलीकडे दरी होती. फास नसता तर पिवळं रेक्झिन खालच्या झाडांत दिसलं असतं.

फोनला रेंज नव्हती. मावशी कडेच्या दगडावर बसल्या. मग त्यांनी विचार केला. दुसरं रबर नाही. घाटात दुकान नाही. आपल्याकडे काय आहे? पट्टा आहे, दाभण आहे, मेण लावलेला दोरा आहे. त्यांनी पट्ट्याच्या चार घड्या एकावर एक ठेवल्या, चिरलेलं रबर मध्ये घेतलं आणि शिवायला बसल्या. दाभण आरपार जाईना तेव्हा दगडानं ठोकलं. सीटचा कोपरा शिवतात तसा, फुलीफुलीचा टाका, जवळ जवळ. शेजारून जाणारा एक रोलरवाला थांबला आणि बराच वेळ बघत उभा राहिला.

"टिकेल का ते, आई?" त्यानं विचारलं.

"यावर लोक वीस वीस वर्षं बसतात," मावशी म्हणाल्या. रोलरवाल्याला काही समजलं नाही, पण त्यानं ट्रॉली उभी करायला हात लावला.

मावशी बाकीचा घाट चालतच उतरल्या. नवा जोड आधीच्यापेक्षा चांगला निघाला. रबर नुसतं वाकायचं, हा वाकून धरूनही ठेवत होता. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा पायथ्याच्या वळणावर समोरून एक माणूस येताना दिसला. तो मध्येच धावत होता, मध्येच गुडघा धरून थांबत होता. एका हातात थर्मास होता.

"अगं कुठे होतीस? बस कधीची आली! मला वाटलं..." काकांनी सायकलचं हँडल धरलं.

"जोड तुटला होता. शिवला."

"शिवला?"

"हो."

काकांनी खाली बसून तो जोड हातानं चाचपला, टाके नखानं ओढून बघितले. मग थर्मासचं झाकण उघडून त्यांनी चहा ओतला. कप आणायला विसरले होते. दोघांनी झाकणातूनच आळीपाळीनं चहा घेतला आणि गावापर्यंत सायकलच्या दोन्ही बाजूंनी चालत गेले.

शहरात मावशी शिरल्या तेव्हा सकाळ होती. पत्ता काकांना पाठ होता, पण ते आज मुद्दाम मागे राहिले होते. "तू जा आधी. मी दुपारच्या बसनं येतो," म्हणाले. लेकीची इमारत चार मजली होती, जिना अरुंद. ट्रॉली खाली लावून मावशी वर गेल्या. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी दार उघडलं, मावशींना नखशिखांत न्याहाळलं, उन्हानं करपलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तिच्या आई. नाक तेच आहे. ती कामावर गेलीये, इथून जवळच आहे. पुढच्या चौकात निळ्या पाटीचं घर."

निळ्या पाटीच्या घरात खालीच मोठी खोली होती. लांब टेबल, त्यावर छोटे दिवे आणि प्रत्येक दिव्याखाली प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. कडेच्या फळ्यांवर तर शेकडो, आ वासून बसलेले. चार जण माना खाली घालून काम करत होते. खिडकीजवळच्या स्टुलावर लेक होती. तोंडावर मास्क, डोळ्यांवर भिंग, हातात एक दात. ती तो बारीक घासत होती, थांबून फुंकर मारत होती आणि पुन्हा घासत होती. फोनवर तिनं हे कितीदा सांगितलं होतं. मावशींनी मनात एक खोली उभी केली होती, ती हिच्याशी कुठेच जुळत नव्हती. खिडकी दुसऱ्याच बाजूला होती.

दारातली एक मुलगी म्हणाली, "कोण हवंय?"

लेकीनं मान वर केली. मास्क काढायचंही तिला सुचलं नाही. ती तशीच भिंगासकट उठली, स्टूल मागे पडलं, आणि दोन टेबलांमधून वाट काढत ती आली. मग मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून बोलली, पण मास्कमुळे कोणाला काही कळलं नाही. मावशींना कळलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "आले की नाही?"

"आई, तू खरंच..."

"तुझ्या घराखाली उभी आहे ट्रॉली. चोरीला जाईल का गं इथे?"

"नाही जाणार." लेक रडत होती आणि हसतही होती. "पिवळी आहे ना? बाबा फोनवर म्हणाले होते."

"पिवळा गठ्ठा उरला होता."

मालकांनी लेकीला सुट्टी देऊ केली. मावशींनीच ती नको म्हटली. "तिचं काम होऊ दे. मी बसते." कोणीतरी खुर्ची आणली. मावशी लेकीच्या शेजारी टेबलाशी बसल्या. लेकीनं डोळे पुसले, नवा मास्क लावला आणि दिव्याखाली तो दात पुन्हा हातात घेतला.

"हा कोणाचा?" मावशींनी विचारलं.

"एक आजोबा आहेत. त्यांना शेंगदाणे खायचेत."

"मग नीट घास," मावशी म्हणाल्या आणि पाय लांब करून बघत बसल्या.